बांधायचं ते कुणासाठी?

मंडळी, आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की बाळंतपणाचं किंवा एखादं छोटं खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत मात्र ज्या वृद्धांना कायमची शुश्रूषा लागते, त्यांच्या निवासी संस्थेला नर्सिंग होम म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथं दहांतल्या जवळजवळ चार वृद्धांना खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवलं जाई. बांधणारे सगळे काही क्रूर नव्हते. 'आजोबा पडतील' हीच काळजी त्यांच्या तोंडी असे.

१९८७ साली तिथं कायदा झाला आणि १९९०च्या ऑक्टोबरपासून तो अंमलात आला. त्यात बांधण्यावर सरसकट बंदी नाही. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायचं नाही. वैद्यकीय लक्षणावरचा उपचार म्हणून गरज असेल तरच बांधायचं. गुंगीच्या औषधांनाही तोच नियम. मला यातला 'सोय' हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण तो कारण आणि सबब वेगळी करायला लावतो.

'पडतील म्हणून बांधलं' हे कारण वाटतं. पण हे आजोबा रात्री उठतात कशासाठी? पुष्कळदा लघवीला जायचं असतं. कधी तहान लागलेली असते, कधी एका कुशीवर पडून अंग दुखत असतं, आणि ते सांगता येत नाही. पट्टा यातल्या एकाही गोष्टीवर उपाय नाही. अडचण सुटते ती रात्रपाळीच्या मावशींची. त्यांची अडचण खरी आहे बरं का! माझा राग त्यांच्यावर नाही. एवढ्या माणसांमागे एकच बाई ठेवणारे चालक मात्र 'सुरक्षितता' या शब्दामागे लपतात.

आणि ती सुरक्षितता तरी मिळते का? मेरी टिनेटी यांच्या १९९२च्या अभ्यासात बांधलेल्या वृद्धांना पडून होणाऱ्या गंभीर इजा कमी झालेल्या दिसल्या नाहीत. हालचाल थांबली की स्नायूंची ताकद जाते, पाठीला जखमा होतात, आणि सोडल्यावर माणूस अधिकच पडतो. पलंगाच्या कठड्यात अडकून मृत्यू झाल्यामुळे १९९५ साली अमेरिकी औषध प्रशासनानं इशाराही दिला होता. पुढच्या दोन दशकांत तिथलं बांधण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. उपाय तसे साधेच: पलंग बुटका करा, ठरल्या वेळी लघवीला न्या, दिवसा चालवा.

आता आपल्याकडे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ९७वं कलम स्पष्ट सांगतं, की केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही. पण तो कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी. साधा वृद्धाश्रम सहसा त्यात बसत नाही. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा बांधण्याबद्दल काही बोलत नाही. म्हणजे विचारायचं कुणी? नातेवाइकांनी. आणि आपणच पुष्कळदा म्हणतो, 'बांधा हवं तर, पण पडू देऊ नका.' फ्रॅक्चर झालं तर दोष येईल, ही भीती असते. समजू शकतो. पण ती भीती आपली असते आणि पट्टा आईच्या हाताला.

तेव्हा आईला ठेवण्याआधी जेवणाचा तक्ता बघता, तसं हेही विचारा: रात्री किती माणसं असतात? बांधायचं कोण ठरवतं? दर किती वेळानं सोडून बघतात? आणि आम्हाला फोन कधी करता, बांधण्याआधी की नंतर?