कललापासून पसाखेपर्यंत : पालि वाङ्मयातील गर्भविकासाचा विचार

मातेच्या उदरात गर्भ कसा वाढतो हा आज वैद्यकशास्त्राचा विषय मानला जातो. बुद्धकाळी तो तत्त्वचिंतनाचाही विषय होता. शरीर म्हणजे जीव नव्हे असे म्हटले, तर या जीवाला शरीर मिळते कसे, अस्थी आणि यकृत येतात कोठून, आणि तो गर्भाशयात टिकून राहतो कसा, असे प्रश्न राजगृहाच्या इंदकूट पर्वतावर इंदक नावाच्या यक्षाने भगवान बुद्धांना विचारल्याचे संयुत्तनिकायातील यक्खसंयुत्तात नमूद आहे. भगवंतांचे उत्तर अवघ्या काही ओळींचे आहे. त्या उत्तराचा आशय आजच्या गर्भविज्ञानाशी कोठे जुळतो, कोठे जुळत नाही, आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

भगवंत गर्भाच्या पाच अवस्था क्रमाने सांगतात : कलल, अब्बुद, पेसि, घन आणि पसाखा. त्यानंतर केस, लोम व नखे उत्पन्न होतात. माता जे अन्नपान सेवन करते त्यावरच उदरातील जीवाचे पोषण होते, असे सांगून उत्तर संपते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात लिहिलेल्या सारत्थप्पकासिनी या अट्ठकथेत या अवस्थांचे स्पष्टीकरण आहे. कलल म्हणजे लोकरीच्या बारीक तंतूंच्या टोकावर राहिलेल्या तिळतेलाच्या थेंबाएवढा स्वच्छ बिंदू. सात दिवसांनी मांस धुतलेल्या पाण्याच्या रंगाचे अब्बुद होते. पुढील सप्ताहात वितळलेल्या कथलासारखी पेसि बनते, आणि त्यानंतर कोंबडीच्या अंड्याच्या आकाराचा घन. पाचव्या सप्ताहात दोन हात, दोन पाय व मस्तक यांसाठी पाच फुटवे येतात. हीच पसाखा, म्हणजे शाखा फुटण्याची अवस्था.

हा तपशील सांगण्यामागचे प्रयोजन अट्ठकथाच सांगते. इंदक हा पुद्गलवादी होता. प्राणी मातेच्या कुशीत एकाच वेळी, सिद्ध स्वरूपात उत्पन्न होतो अशी त्याची समजूत होती. तिचे निराकरण करण्यासाठी भगवंतांनी गर्भ क्रमाक्रमाने वाढतो हे दाखविले. म्हणजे हा उपदेश अनात्मवादाचा व प्रतीत्यसमुत्पादाचा आहे. प्रत्येक अवस्था आधीच्या अवस्थेवर अवलंबून आहे, आणि प्रत्यय खुंटले की वाढही खुंटते. आधीच तयार असलेला कोणी ‘मी’ तेथे येऊन बसत नाही.

हा वाद भारतापुरता नव्हता. सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपातील अनेक विद्वान असे मानीत की, बीजातच संपूर्ण मनुष्य सूक्ष्म रूपात असतो आणि गर्भाशयात तो केवळ मोठा होतो. कास्पार फ्रीडरिख वोल्फ यांनी १७५९ मध्ये, अवयव नव्याने व क्रमाने घडतात असे प्रतिपादन केले. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज तर १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी प्रथम दाखविले.

आज आपल्याला हा क्रम पुष्कळ सूक्ष्मतेने ज्ञात आहे. स्त्रीबीज व शुक्राणू यांचा संयोग बीजवाहिनीत होतो. त्यातून बनलेली एक पेशी विभागत जाते आणि सुमारे सहाव्या-सातव्या दिवशी हा पेशीपुंज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात त्याचे तीन थर होतात. बाहेरच्या थरापासून त्वचा व मज्जासंस्था, मधल्यापासून अस्थी, स्नायू, हृदय व रक्त, आणि आतल्यापासून अन्नमार्गाचे अस्तर, यकृत व फुप्फुसांचे अस्तर बनते. इंदकाच्या अस्थी व यकृताविषयीच्या प्रश्नाचे आजचे उत्तर हे असे आहे. सुमारे बाविसाव्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात ती मिटते. याच सुमारास आधी हातांचे व पाठोपाठ पायांचे अंकुर दिसतात. आठव्या आठवड्याअखेर बोटे सुटी होतात. फलनापासून सुमारे अडतीस आठवड्यांनी, म्हणजे शेवटच्या पाळीपासून चाळीस आठवड्यांनी, बालक जन्मास येते.

हात-पायांच्या अंकुरांचा काळ आणि अट्ठकथेतील पाचवा सप्ताह जवळजवळ येतात, हे लक्षणीय आहे. तथापि आजचे सारे विज्ञान त्रिपिटकात पूर्वीच होते, असा दावा करणे आम्हास योग्य वाटत नाही. मस्तक अंकुरातून फुटत नाही. चौथ्या आठवड्याचा गर्भ अंड्याएवढा नव्हे, तर चार-पाच मिलिमीटरांचा असतो. अट्ठकथा केसांची उत्पत्ती बेचाळिसाव्या सप्ताहाशी जोडते, पण गर्भाच्या अंगावरील लव पाचव्या महिन्यापर्यंत आलेली असते. ज्या धम्माने परंपरेतून आले म्हणून काही स्वीकारू नका असे कालामांना सांगितले, त्याच्या अनुयायांनी अट्ठकथेलाही हीच कसोटी लावावी. टिकते ते मूळ तत्त्व : गर्भ प्रत्ययांनी, क्रमाने घडतो.

या तत्त्वाची सामाजिक फलश्रुती मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात दिसते. ब्राह्मण वर्णच श्रेष्ठ, या मतावर अस्सलायन हा तरुण श्रावस्तीत भगवंतांशी वाद करतो. ब्राह्मण स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात व स्तनपान करवितात, याकडे भगवंत त्याचे लक्ष वेधतात. पुढे असित देवल ऋषीची कथा येते. मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्बाची उपस्थिती हे गर्भधारणेचे तीन प्रत्यय सात ब्राह्मण ऋषींनाही मान्य असतात. परंतु तो गंधब्ब क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य की शूद्र, असे विचारताच ते निरुत्तर होतात. गंधब्ब या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद असले, तरी युक्तिवादाला त्याने बाधा येत नाही. गर्भाच्या कोणत्याही अवस्थेत वर्ण दाखविता येत नाही, तो जन्मानंतर समाज चिकटवितो.

भगवंतांच्या उत्तरातील शेवटचा भाग, मातेच्या अन्नाचा, आमच्या मते आज सर्वांत महत्त्वाचा आहे. मातेचे व गर्भाचे रक्त सहसा मिसळत नाही. वारेच्या पातळ पडद्यातून प्राणवायू व पोषकद्रव्ये गर्भाच्या रक्तात येतात आणि नाळेतील शिरेतून त्याच्यापर्यंत पोहोचतात. मज्जानलिका मिटते तेव्हा अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हे ठाऊकही नसते. म्हणून फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भधारणेपूर्वीपासूनच घेण्याचा सल्ला दिला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. आपल्याकडे एक दिवस डोहाळे जेवणाचा थाट होतो. परंतु अनेक घरांत सून सर्वांच्या मागून, उरलेले जेवते. बाळ मोठे झाले तर प्रसूती अडेल, या भीतीने तिला कमीही वाढले जाते.

अन्नाप्रमाणे विश्रांतीही प्रत्ययच आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने देशातील प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु शेतात, बांधकामावर व घरकामाला जाणाऱ्या बहुसंख्य मातांना अशी भरपगारी रजा मिळत नाही.

प्रत्यय चांगले तर फळ चांगले, हे आपण धम्मप्रवचनात ऐकतो. गर्भवतीच्या ताटात प्रथम वाढणे, तिच्या डोक्यावरचा हंडा उतरविणे आणि तिला वेळेवर तपासणीस नेणे, हे त्याच सिद्धांताचे आचरण होय. प्रत्येक उपासकाने त्याचा आरंभ आपल्या घरापासून करावा, अशी आमची विनंती आहे.