संगणकाने घडवलेलं अंडं

कॅनडातल्या एडमंटन शहरापासून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, अल्बर्टाच्या सपाट गव्हाळ मुलखात, व्हेग्रेव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या बागेत एका खांबावर अॅल्युमिनियमचं अवाढव्य अंडं उभं आहे. सोनेरी, रुपेरी आणि कांस्य रंगाचं हे अंडं सुमारे ३१ फूट उंच आहे. वाऱ्याची दिशा बदलली की तेही हळूच वळतं.

ही 'पिसांका'. युक्रेनियन घरांत ईस्टरच्या सुमारास अशी नक्षीदार अंडी करतात. हे नाव 'लिहिणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलं आहे, म्हणून पिसांका 'रंगवत' नाहीत, 'लिहितात'. वितळलेल्या मेणाने अंड्यावर रेषा ओढायच्या, ते फिक्या रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, मग त्याहून गडद रंग. शेवटी मेणबत्तीच्या आचेजवळ धरून मेण पुसून काढलं की खालचे सारे रंग एकदम उघडे पडतात. ही विद्या मुली आईच्या शेजारी बसून शिकत आल्या.

व्हेग्रेव्हिलची पिसांका मात्र कुणाच्या आईने लिहिलेली नाही. ती १९७५ साली युटा विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ रोनाल्ड रेश यांनी रचली. अंड्याचा आकार दिसायला सोपा असला तरी सपाट पत्र्यांतून तो साधणं महाकठीण. रेश यांनी संगणकावर भूमितीची आज्ञावली लिहिली आणि २,२०८ समभुज त्रिकोण व ५२४ ताऱ्यांच्या आकाराचे तुकडे जोडून अंडं बसवलं. आज संगणकावर इमारती आणि मोटारींचे आराखडे काढले जातात. त्या तंत्राच्या अगदी पहिल्या मोठ्या प्रयोगांत या अंड्याची गणना होते. आजीच्या हातातली कला आणि विद्यापीठातलं यंत्र अशी गाठ पडल्यावर खरी पिसांका कोणती, हा प्रश्न उभा राहतोच.

असे प्रश्न विचारणाऱ्या विचारधारेला उत्तर-आधुनिकता म्हणतात. तिचं एक पायाभूत पुस्तकही कॅनडाच्याच मागणीवरून लिहिलं गेलं, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. क्युबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेला संगणकयुगातल्या ज्ञानाबद्दल अहवाल हवा होता. फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-फ्रान्स्वा लिओतार यांनी तो लिहिला, आणि १९७९ मध्ये तोच 'उत्तर-आधुनिक अवस्था' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाला. 'प्रगती', 'राष्ट्र' अशा साऱ्यांना एकाच सुतात ओवणाऱ्या महाकथनांवरचा विश्वास आता उडाला आहे, असं त्यांनी मांडलं. ज्ञान माहितीच्या पेढ्यांत साठेल, विकलं जाईल. मग काय शिकण्याजोगं हे कोण ठरवणार, असं त्यांनी विचारलं. त्या पेढ्या सर्वांना खुल्या करा, हे त्यांचं अखेरचं मागणं होतं.

काय शिकण्याजोगं हे कोण ठरवणार, या प्रश्नाची झळ गव्हाळ प्रदेशातल्या युक्रेनियनांना फार आधी बसली होती. १८९१ पासून ते तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असलेल्या गॅलिशिया आणि बुकोव्हिना भागांतून येऊ लागले. दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळत होती, तिच्या ओढीने. मॅनिटोबात १८९७ पासून त्यांच्या भाषेतही शाळा चालू शकत होती. १९१६ मध्ये ती मुभा संपली आणि इंग्रजी तेवढी उरली. पहिल्या महायुद्धात शत्रुदेशांचे प्रजाजन ठरवून ज्या साडेआठ हजारांहून अधिक माणसांना छावण्यांत कोंडलं, त्यांत बहुसंख्य युक्रेनियन होते. व्हेग्रेव्हिलचं अंडं मात्र, संरक्षण दिल्याबद्दल कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांना अर्पण केलेलं आहे. एकाच समाजाच्या या दोन्ही आठवणी आहेत. त्यातली छावण्यांची आठवण कॅनडाच्या संसदेने कायद्याने मान्य करायला २००५ साल उजाडावं लागलं, ही गोष्ट सलतेच.

इथे लेखिका मिर्ना कोस्ताश यांचं नाव घ्यायला हवं. अल्बर्टातल्या टू हिल्स गावातल्या माणसांशी बोलून त्यांनी १९७७ मध्ये 'ऑल ऑफ बाबाज चिल्ड्रन' हे पुस्तक लिहिलं. युक्रेनियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी. कष्टाळू, समाधानी वसाहतकऱ्यांच्या गोड चित्राखाली दबलेली गरिबी, अपमान आणि बायकांचे हाल त्यांनी समोर आणले. त्याच्या तीन वर्षं आधी एडमंटनच्या शाळांत इंग्रजी-युक्रेनियन द्विभाषिक वर्ग सुरू झाले होते.

मग आलं इंटरनेट. २००८ मध्ये मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला. शुल्क भरलेले विद्यार्थी होते पंचवीसच्या आसपास, फुकट सामील झालेले सुमारे २,२००. ज्ञान गुरुजींच्या डोक्यात नसतं, ते माणसांमधल्या जाळ्यात असतं, ही त्यांची धारणा. आपल्याकडचं 'स्वयम्' हे अशाच खुल्या अभ्यासक्रमांच्या कुळातलं, पण त्यात बहुतेक वेळा शिक्षक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. मूळ प्रयोगाचा जीव ऐकणाऱ्यांनीही बोलण्यात होता.

तो जीव अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकसाहित्याच्या कामात जास्त जाणवतो. अभ्यासक नताली कोनोनेन्को यांनी युक्रेनच्या खेड्यांत ध्वनिमुद्रित केलेली गाणी आणि कहाण्या इंटरनेटवर ठेवल्या आणि त्या ऐकून लिहून काढायला, भाषांतर करायला सामान्य लोकांनाच बोलावलं. म्हणजे ज्यांच्या आजीची भाषा ती, त्यांनाच ती वाचायला आणि लिहायला दिली.

२०२२ नंतर युद्धामुळे सुमारे तीन लाख युक्रेनियन कॅनडात आले. त्यांची मुलं दुकानाला 'महाझिन' म्हणतात; जुन्या वसाहतकऱ्यांच्या बोलीत इंग्रजी 'स्टोअर'चं 'श्तोर' झालेलं आहे. कीव्हमध्ये सकाळी नऊला शाळा भरते तेव्हा एडमंटनमध्ये मध्यरात्र असते. म्हणून मायदेशाच्या 'अखिल-युक्रेनियन ऑनलाइन शाळे'चे आधीच चित्रित केलेले पाठ हाताशी असतात. दिवसा कॅनडाच्या वर्गात इंग्रजी, संध्याकाळी पडद्यावर युक्रेनियन इतिहास आणि ईस्टर जवळ आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेण, रंगाचे पेले आणि कच्ची पांढरी अंडी.