तर्रीसुद्धा व्हीगनच असते

सकाळी आठला मिसळीच्या दुकानासमोर रांग लागलेली असते. मटकीची उसळ, फरसाण, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि पाव. दही मागितले नाही, तर या ताटलीत दूध नाही, तूप नाही, अंडे नाही, मधही नाही. ‘व्हीगन’ हा शब्द कधी कानावरून न गेलेली माणसे वर्षानुवर्षे पक्का व्हीगन नाश्ता करत आली आहेत. पण त्याच ताटलीत वर तरंगणारी लालभडक तर्री म्हणजे बहुतांशी तेल. तीही शंभर टक्के व्हीगन.

वजन उतरवण्यासाठी ‘कमी स्निग्धांशाचा व्हीगन आहार’ सुरू करणाऱ्यांची पहिली गफलत इथेच होते. या नावात दोन वेगळे विचार एकत्र बांधलेले आहेत. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला तो प्राण्यांविषयीच्या कळवळ्यातून. कंबरेच्या घेराशी त्याचा काही संबंध नव्हता. तेल-तूप जवळजवळ वर्ज्य करण्याची कल्पना आली ती हृदयरोग आणि रक्तदाबाशी झुंजणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळींकडून. दोन्ही प्रवाह पुढे एकत्र आले. आपल्याकडे मात्र पहिलाच अर्धा भाग उचलला जातो: चहातले दूध बंद होते, तूप बंद होते आणि भरल्या वांग्यांवरचा तेलाचा तवंग तसाच राहतो.

‘दूध-तूप सोडले की वजन आपोआप उतरते’ हा समज त्यातूनच येतो. साधा हिशेब पाहावा. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, मग ते शेंगदाण्याचे असो, करडईचे असो की महागातले लाकडी घाण्याचे. पोहे खायच्या मोठ्या चमच्यात साधारण चौदा ग्रॅम तेल मावते, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दोन चमच्यांत जवळपास ज्वारीची दीड भाकरी झाली, आणि भाकरीने पोट तरी भरते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा भाग तेल, तिळातही तसाच, आणि सुक्या खोबऱ्यात तर निम्म्याहून बराच जास्त. मराठी स्वयंपाकाची सारी लज्जत याच तिघांवर उभी आहे. कूट, खोबरे आणि तीळ घालून केलेला मसाला कुठल्याही प्राण्याला न दुखवता वजन वाढवू शकतो. उपवासाची साबुदाणा खिचडी तेलात केली तर तीही व्हीगन. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात शंभर ग्रॅममागे एक ग्रॅमही प्रथिन नाही, आणि सोबतीला मूठभर कूट.

पाकिटावरच्या खुणाही नीट वाचायला हव्यात. हिरवा ठिपका शाकाहाराचा. त्यात दूध, दही, मध चालतात. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम आणले आणि वेगळे चिन्हही आहे. पण ते चिन्ह आत काय नाही एवढेच सांगते. किती तेल आहे, किती साखर आहे, हे मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते.

मग हा आहार खरोखर चालतो का? चालतो, आणि त्याला बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकेतले डॉ. नील बर्नार्ड यांच्या गटाने टाइप २ मधुमेह असलेल्या ९९ जणांवर २२ आठवड्यांचा प्रयोग करून तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला कमी स्निग्धांशाचा व्हीगन आहार, दुसऱ्याला तिथल्या मधुमेह संघटनेच्या शिफारशींचा. पहिल्या गटाचे वजन सरासरी साडेसहा किलोंनी उतरले, दुसऱ्याचे तीन किलोंच्या आसपास. विशेष म्हणजे व्हीगन गटाला वाढणीचे माप घातलेले नव्हते. पोटभर जेवायला मुभा होती.

पोटभर जेवूनही वजन का उतरते, याचे उत्तर २०२१ च्या एका प्रयोगात सापडते. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे वनस्पतिजन्य, जेमतेम दहा टक्के स्निग्धांशाचे अन्न. दोन आठवडे मांसाहारी, भरपूर स्निग्धांशाचे ‘कीटो’ अन्न. खायचे तेवढे खा, अशी सूट. कमी स्निग्धांशाच्या आहारावर माणसे रोज सहाशे-सातशे कॅलरी कमी खात होती, आणि भूक जास्त लागल्याची तक्रार मात्र नव्हती. कारण ताट मोठे, पण त्यातल्या कॅलरी विरळ. मात्र याच प्रयोगात जेवणानंतरची रक्तशर्करा वनस्पतिजन्य आहारावर अधिक चढत होती. ही दुसरी ओळ समाजमाध्यमांवर फिरत नाही.

आणि हा एकमेव मार्ग नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवले: कमी स्निग्धांश आणि कमी पिष्ट. २०१८ मध्ये निकाल आला. दोन्हीकडे पाच-सहा किलो घट, फरक नगण्य. दिवसातून दोनदाच जेवायचे की दर दोन तासांनी, या वादातून आपली घरे अजून पुरती बाहेर पडलेली नाहीत. त्यांनी हा निकाल स्वयंपाकघरात चिकटवायला हरकत नाही.

‘भात-भाकरी खाऊन कुठे वजन उतरते?’ हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर यांनी १९३९ पासून गंभीर रक्तदाबाच्या रुग्णांना भात, फळे आणि साखर एवढ्यावर ठेवले होते, आणि त्यांचे रुग्ण बारीकही होत. म्हणजे भात हा जन्मजात गुन्हेगार नाही. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचे, जवळजवळ बिनमिठाचे, बेचव जेवण होते. घरी करून पाहायची गोष्ट ती नव्हे. शिवाय अमेरिकी माणूस मांस-चीज सोडून डाळ-भाताकडे येतो तेव्हा त्याच्या ताटात उलथापालथ होते. मराठी शाकाहारी माणसाच्या ताटात पोळी-भात आधीच भरलेला असतो. दूध-तूप काढून तो आणखी एक पोळी घेतो, बस्स. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतील अठरा हजारांवर प्रौढांच्या आहाराचा अभ्यास करून २०२२ मध्ये जो निष्कर्ष मांडला गेला, तो नेमका उलट्या दिशेचा आहे: मधुमेह टाळायचा किंवा परतवायचा तर पिष्टाचा वाटा कमी करा आणि प्रथिनांचा वाढवा. म्हणून आपल्याकडे हा आहार करायचा तर पोळी-भात वाढवून नव्हे, तर उसळ, डाळ आणि पालेभाजी वाढवून करावा लागतो. मैदा, साबुदाणा, पांढरा पाव आणि गूळ हे सगळे व्हीगन आणि जवळपास बिनतेलाचे आहेत, पण वजन उतरवणाऱ्याचे ते मित्र नाहीत.

वजनकाट्यावरचा भरवसाही थोडा कमी करावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या आत किती चरबी दडलेली असते, ते या एका चित्राने जगाला दाखवले. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही हाताशी असावी: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपलीकडे गेली की सावध व्हायचे.

प्रथिनांविषयी दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे मांस-दूध नसेल तर प्रथिने मिळणारच नाहीत. दुसरा, वरण-भात खातो म्हणजे भरपूर मिळतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. कोरड्या तूरडाळीत शंभर ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम असतात, पण घरोघरच्या पातळ आमटीच्या वाटीत डाळ शोधावी लागते. ताटात आमटी हवी तर घट्ट हवी. सोबत मटकी, मूग, वाटाणा, हरभरा, सोयाबीन. धान्य आणि डाळ एकाच घासात हवेत, हे बंधनही खरे नाही. अमेरिकी लेखिका फ्रान्सिस मूर लॅपे यांनी १९७१ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकातून ते लोकप्रिय केले आणि दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत स्वतःच दुरुस्त केले. दिवसभरात दोन्ही पोटात गेले की पुरे. आणि हो, मोड आल्याने कडधान्यातली प्रथिने वाढत नाहीत. क जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवणारे घटक कमी होतात, हा फायदा वेगळा. तो पदरात पाडायचा तर उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

दुधावाचून हाडे ठिसूळ होतात, ही भीती निराधार नाही. ब्रिटनमधल्या पंचावन्न हजार लोकांच्या दीर्घ पाहणीचा २०२० मधला निष्कर्ष असा की मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत व्हीगन मंडळींना खुब्याचे हाड मोडण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिने ही त्यामागची संभाव्य कारणे. कोकण-घाटमाथ्यावरच्या लोकांकडे यावर नाचणी आहे: शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळपास तिप्पट. पण रोजची गरज हजार मिलिग्रॅमची आहे, तेव्हा एका भाकरीने भागत नाही. बाजारातले बदामाचे ‘दूध’ तर बहुतेक पाणीच असते. त्याच्या पेलाभरात प्रथिन जेमतेम ग्रॅमभर.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज बी-१२ विषयीचा. ‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे, आम्हाला काही झाले नाही.’ याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातील खेडी, झोपडवस्ती आणि मध्यमवर्गीय वस्ती अशा तिन्ही ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये छापलेला निष्कर्ष: ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी, आणि शाकाहाऱ्यांत हा धोका चौपटीहून जास्त. ही काही व्हीगन माणसे नव्हती. चहात दूध, ताटात दही-ताक असणारा हा समाज होता, तरी ही गत. उरलेले दूधही काढून टाकल्यावर काय होईल, त्यासाठी वेगळ्या प्रयोगाची गरज नाही.

बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. वनस्पतीत ते नसते. इडलीच्या आंबवलेल्या पिठावर, आंबिलीवर, स्पिरुलिनाच्या वड्यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून दूध सोडल्यावर महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही, आणि माणूस इतरांना सल्ले देऊ लागतो. मग कधीतरी तळपायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा. पालेभाज्यांतल्या फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंचे नुकसान आत चालू राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ तर त्या गोळीनेही कमी होऊ शकते. वर उल्लेखलेल्या बर्नार्ड यांच्या प्रयोगातही व्हीगन गटाला बी-१२ ची गोळी होतीच. ‘नैसर्गिक आहाराला गोळी कशाला’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी. याला पर्याय नाही.

दुसरे टोक म्हणजे थेंबही तेल नको, बियाही नकोत. काही मेदाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. स्निग्धांश फारच तोडून झपाट्याने वजन उतरवले, तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. जेवणात चमचाभर जवसाची चटणी एवढे भान पुरेसे आहे. ओमेगा-३ चा तो मराठी घरातला जुना आणि स्वस्त साठा.

हृदयरोगाच्या बाबतीत अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांचा १९९० चा प्रयोग नेहमी पुढे केला जातो. त्यात दहा टक्के स्निग्धांशाच्या आहारावर वर्षभरात अनेकांच्या धमन्यांतला अडथळा थोडा कमी झालेला दिसला, हे खरे. पण रुग्ण पन्नासही नव्हते, त्यांना सायविरहित दूध आणि अंड्याचा पांढरा भाग चालत होता, आणि जोडीला व्यायाम, ध्यान व धूम्रपानबंदी होती. श्रेय एकट्या ताटाला देता येत नाही. त्यामुळे गोळ्या फेकून देणे हा धोक्याचा उत्साह. उलट, हा आहार काम करू लागला की मधुमेहाची किंवा रक्तदाबाची तीच मात्रा जास्त होऊन साखर वा दाब घसरू शकतो. इन्शुलिन घेणाऱ्याने पहिला बदललेला घास घेण्याआधी डॉक्टरांशी बोललेले बरे. गर्भवती, वाढत्या वयाची मुले आणि वजन आधीच कमी असलेले वृद्ध यांच्यासाठी हा वजन उतरवण्याचा प्रयोग नव्हेच.

बाकीच्यांनी सुरुवात तेलापासून करावी, दूध नंतर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. स्निग्धांशातून फक्त दहा टक्के कॅलरी, असा कडक आहार पाळायचा तर दिवसाचा सगळा स्निग्धांश मिळून बावीस ग्रॅम होतो, आणि त्यातला बराचसा धान्य-डाळीतच असतो. फोडणीला उरतात ते चहाचे दोन-अडीच चमचे. इतके खाली एकदम कोणी जात नाही, जायची घाईही नको. चार मोठ्या माणसांच्या घरात २७ ग्रॅमच्या मापाने महिन्याला सुमारे साडेतीन लिटर तेल पुरायला हवे. गेल्या महिन्याची किराण्याची यादी काढून तेवढा एक आकडा पाहावा.