गाणे साठवताना काय गळते?

कोलकात्याच्या पूर्वेकडील खाऱ्या दलदलीत हुगळी नदीतील गाळ भरून 1960च्या दशकात सॉल्ट लेक हे उपनगर वसवण्यात आले. त्यातील ‘सेक्टर पाच’ हा भाग संगणक उद्योगासाठी ओळखला जातो. जवळच्या डमडम येथे 1928 साली ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला. ‘एच.एम.व्ही.’च्या लाखेच्या तबकड्या तेथून देशभर जात. अशा तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गायन मावत असे. आज तेच गायन संगणकातील फाइलमध्ये साठवले जाते. मात्र सर्व फाइली सारख्या नसतात. त्यांतील फरक आपण समजून घेऊ.

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. संगणक ही कंपने ठरावीक अंतराने मोजतो आणि आकड्यांत नोंदवतो. सी.डी.साठी प्रत्येक सेकंदाला 44,100 वेळा मोजणी होते व प्रत्येक नोंदीला 16 बिट लागतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक हा अंक. डावा व उजवा असे दोन ध्वनिप्रवाह धरले, तर पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे 50 एमबी जागा लागते. ‘वेव्ह’ प्रकारच्या फाइलीत हे आकडे सहसा जसेच्या तसे असतात.

एवढी मोठी फाइल इंटरनेटवरून उतरवून घेणे पूर्वी फार वेळखाऊ होते. त्यामुळे ‘एमपी3’ हा प्रकार लोकप्रिय झाला. मोठ्या आवाजाजवळचा बारीक आवाज आपल्या कानाला बहुधा जाणवत नाही. एमपी3 असा ध्वनी वगळते किंवा ढोबळपणे नोंदवते. सेकंदाला 128 हजार बिट वापरल्यास तेच गाणे सुमारे 5 एमबीमध्ये मावते. बिट आणखी कमी केले, की टाळांची किणकिण खरखरीत होते, तबल्याचा ठसठशीत बोल पसरट वाटतो आणि तंबोऱ्याची जवारी फिकी पडते. सेकंदाला 320 हजार बिट वापरल्यास फाइल सुमारे 12 एमबीची होते. पण हा दोष सहसा जाणवत नाही.

2001 साली आलेल्या ‘फ्लॅक’ या प्रकाराची रीत वेगळी आहे. पेटीत कपडे नीट घडी करून ठेवले, तर जागा वाचते आणि एकही कपडा कमी होत नाही. फ्लॅक ध्वनीची अशी घडी घालते. फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते व उलगडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे मिळतात. एमपी3 मात्र काही कपडे बाहेर ठेवूनच पेटी बंद करते. पुढे एमपी3चे रूपांतर वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये केले, तरी फाइल केवळ मोठी होते. गळलेला ध्वनी परत येत नाही.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. लाखेची तबकडी ठिसूळ असते. सुईच्या घर्षणाने ती झिजते. तबकडीची शेवटची प्रत फुटल्यावर संगणकात उतरवलेली फाइलच मूळ ठरते. ती केवळ एमपी3 असेल, तर गायकाच्या आवाजाचा वगळलेला अंश कायमचा नाहीसा होतो. म्हणून जतनासाठीची प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी आणि रोज ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपी3 तयार करावी. आपल्या घरी आजीच्या ओव्यांची जुनी कॅसेट असेल, तर ती संगणकात उतरवतानाही हाच क्रम पाळावा.