सर्पगंधेची शेती : संहिता आणि प्रयोगशाळा

मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, पाने गळून गेल्यावर काढावीत. साल, कंद व चीक शरदात घ्यावा. कोवळी पालवी वर्षाऋतूत वा वसंतात खुडावी, असा जो दंडक चरकसंहितेच्या कल्पस्थानात घालून दिलेला आहे, तो भाबडेपणा म्हणून झिडकारणारे आणि तो प्रमाणवाक्य समजून त्याची परीक्षाच न करणारे, असे दोन्ही पक्ष औषधी वनस्पतींच्या शेतीला सारखेच अपायकारक होत. याची साक्ष सर्पगंधा देते.

१९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी तिच्या मुळातून रिसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे केले, आणि मग साऱ्या जगाची मागणी आपल्या रानांवर येऊन कोसळली. मूळ हेच औषध असल्यामुळे ते उपटले की झाडच संपते. म्हणून लागवडीवाचून गत्यंतर उरले नाही.

ही लागवड सोपी नव्हे. बियांचे कवच कठीण, उगवण अल्प. त्यामुळे बी भिजत घालून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावे लागतात, आणि रोपे गादीवाफ्यावर वाढवून पावसाळ्यात शेतात लावावी लागतात. मूळ हाती येण्यास किमान दीड वर्ष लागते. इतका काळ जमिनीत राहणाऱ्या मुळाला कूज व सूत्रकृमी यांचा उपद्रव होतो. त्यावर शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी आणि निंबोळी पेंड यांची तजवीज रासायनिक विषाविना करता येते. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’तील कुणपजल, म्हणजे मांस, मज्जा, तिळाची पेंड व उडीद यांचे आंबवण, हेही आजच्या दृष्टीने गूढ नाही, सूक्ष्मजीव प्रथिनांचे विघटन करून त्यांतील नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता खणणीचा मुहूर्त. ऑगस्टमध्ये काढलेल्या मुळांपेक्षा डिसेंबरात, पानगळीनंतर, काढलेल्या मुळांत एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण अधिक भरते, असे पृथक्करणाने दिसून आले आहे. म्हणजे संहिताकारांचे निरीक्षण येथे मोजमापाच्या कसोटीला उतरले. परंतु बहुतांश अल्कलॉइड मुळाच्या सालीत साठलेले असते, सबब माती झाडताना ती सोलली जाऊ नये, ही खबरदारी मात्र प्रयोगशाळेने शिकविली. त्याचप्रमाणे सर्पगंधेच्या नावावर तिच्याच कुळातील दुसऱ्या जातींची मुळे बाजारात खपविली जातात, त्यांचा निवाडाही सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

तेव्हा या पिकाकडे वळू पाहणाऱ्या शेतकऱ्यांना इतकीच विनंती, की रोपे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. पेरणी, खत आणि खणणी यांची तारीखवार नोंद ठेवा. पाने गळेपर्यंत कुदळ आवरा. आणि माल व्यापाऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी त्याचा एक नमुना तपासून घ्या.