कोंडी उलटी चालते
२२ मोटारी, २३० मीटर घेराचं रिंगण. ना सिग्नल, ना चौक, ना मध्येच ठाण मांडून बसलेली गाय. चालकांना सांगितलेलं एवढंच की ताशी ३० किलोमीटरच्या आसपास राहा. तरी थोड्या वेळात कोंडी झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकत राहिली. जपानी संशोधकांनी हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध केला. घेराला मोटारींच्या संख्येने भागलं तर मोटारीमागे साडेदहा मीटरही येत नाहीत. पुढच्याने ब्रेकवर पाय ठेवला, की मागचा किंचित उशिरा आणि म्हणून किंचित जोरात ठेवतो. त्याच्या मागचा आणखी जोरात.

नियंत्रणशास्त्राचं भांडण या उशिराशी आहे. त्याची रीत अशी: मोजा, हव्या आकड्याशी ताडा, फरक पाहून सुधारा, पुन्हा मोजा. हे शास्त्र वाहतुकीला लावणारे प्रा. पुष्किन काचरू १९८८ मध्ये आयआयटी मुंबईतून स्थापत्य अभियंता झाले. १९९३ च्या बर्कलीतल्या डॉक्टरेटचा विषय होता चाकाची रस्त्यावरची पकड. १९९९ मध्ये कान ओझबाय यांच्यासोबतच्या पुस्तकात तेच शास्त्र त्यांनी चाकावरून रस्त्यांच्या जाळ्यावर नेलं. एवढ्यावर भागेना, म्हणून २००७ मध्ये चक्क गणितात दुसरी डॉक्टरेट!

गणित हवं कशाला? वेग आणि गर्दी यांचं नातं सांगणारं ग्रीनशील्ड्सचं १९३० च्या दशकातलं सूत्र घ्या. मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ४० किलोमीटर आणि ठप्प रस्त्यावर किलोमीटरमागे १५० मोटारी धरल्या, तर रस्त्याची क्षमता या दोन आकड्यांच्या गुणाकाराच्या चौथाई, म्हणजे तासाला १,५०० मोटारी. तीही वेग निम्मा, २० असताना. गर्दी याहून वाढली की वेग घटतो आणि तासाला पार होणाऱ्या मोटारीही. म्हणून अमेरिकेत महामार्गाच्या तोंडाशीच सिग्नल लावून मोटारी थोड्या थोड्या आत सोडतात. काचरू-ओझबाय यांचं २००३ चं पुस्तक त्यावरच आहे.

आता हेच गणित झाशीच्या रस्त्यावर आणू. श्रीनगर–कन्याकुमारी (सुमारे ४,००० किमी) आणि सिलचर–पोरबंदर (सुमारे ३,३०० किमी) हे दोन महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. पण रस्त्यावर नुसत्या मोटारी नसतात. एक वाहन किती मोटारींइतकं धरायचं, हे सांगणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या शहरी कोष्टकात मोटार १, ट्रक २.२ ते ३.७, ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या रस्त्यावर नुसत्या ट्रॉल्याच सोडल्या, तर तासाला जेमतेम ३०० ते ३७५. दुचाकीचा आकडा ०.५ ते ०.७५, पण गोम तिथेच आहे. रिंगणातल्या प्रत्येक मोटारीपुढे एकच मोटार होती. दोन ट्रॉल्यांच्या फटीत शिरलेल्या दुचाकीस्वाराच्या पुढे नेमकी कोणती गाडी धरायची?