पिशवी न काढता

१८८३ साली बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी आत गर्भ रुजून फुटलेली गर्भनळी काढून बाईचा जीव वाचवला. त्या काळी तेवढंच पुष्कळ होतं. पुढे मूल होईल का, हे विचारायची सोयच नव्हती.

नळीतला गर्भ त्यातल्या त्यात बरा. एक नळी गेली तरी दुसरी उरते. खरा पेच असतो गर्भाशयाच्या मुखात, नळी पिशवीला मिळते त्या कोपऱ्यात किंवा जुन्या सिझेरियनच्या व्रणात रुजलेल्या गर्भाचा. बाळंतपणानंतर पिशवीचा स्नायू आवळतो आणि उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. मुखात आणि व्रणात तसा स्नायू फारसा नसतो. साधा गर्भपात समजून क्युरेटिंग केलं की रक्त थांबत नाही. मग पिशवी काढा! कित्येक दशकं हेच चाललं.

वाट सापडली ती कर्करोगाच्या औषधातून. मेथोट्रेक्सेट ज्या संशोधनातून आलं, त्याचे सूत्रधार आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. १९५६ साली अमेरिकेत ली आणि हर्ट्झ यांनी वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगावर ते परिणामकारक ठरल्याचं दाखवलं. वारेच्याच पेशी म्हटल्यावर पुढचं पाऊल उघड होतं, तरी ते पडायला १९८२ उजाडलं: जपानमध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी कोपऱ्यातला गर्भ या औषधाने जिरवला. एचसीजी या गर्भारपणातल्या संप्रेरकाची रक्ततपासणी आणि योनीमार्गे सोनोग्राफी आल्यावर असे गर्भ फुटण्याआधीच दिसू लागले. पुढे रेडिओलॉजिस्ट जांघेतून कॅथेटर घालून गर्भाशयाची धमनी तात्पुरती बंद करू लागले. मात्र त्याने बीजकोशाचा रक्तपुरवठाही घटू शकतो. मूल हवं असलेल्या प्रत्येकीला सरसकट हा उपाय करणं मला पटत नाही.

गर्भ गेला, एचसीजी उतरलं, म्हणजे संपलं असंही नाही. रुंदावलेल्या रक्तवाहिन्या मागे राहतात. कधी धमनीच्या भिंतीला फुगा येतो, कधी धमनी आणि शीर थेट जोडल्या जातात, आणि काही आठवड्यांनी अचानक भळाभळा रक्त जातं. ‘तुकडा राहिला असेल’ म्हणून डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) न करता पुन्हा क्युरेटिंग करणं हा यातला सगळ्यात घातक निर्णय.

व्रणातल्या गर्भाची पहिली नोंद १९७८ची, दक्षिण आफ्रिकेतली. २०१९-२१च्या पाहणीनुसार भारतात १०० पैकी २१ हून अधिक बाळंतपणं सिझेरियनने झाली, त्यामुळे हा धोका आता पुस्तकापुरता उरलेला नाही. आधी सिझेरियन झालं असेल आणि पाळी चुकली, तर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्या, आणि गर्भ व्रणापासून किती दूर आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.